कमरेखालचा हात

"माझा हात दाबा, काका," असे म्हणत व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी आपला तळवा शिंप्याच्या कमरेखाली सरकवला.

गुडघे उभे, पावले चटईवर टेकलेली, अशा अवस्थेत शिंपी उताणा पडला होता. बेंबी आत ओढायची, श्वास न कोंडता सोडत जायचा आणि कमरेची कमान सावकाश खाली आणून त्या तळव्यावर भार द्यायचा, एवढाच व्यायाम. त्याला तो आता चांगला जमत होता. पण आत येतानाच बाई म्हणाल्या होत्या, "आज नीट जमलं की तुमची सुटी. उद्यापासून यायला नको." म्हणून त्याने कपाळाला आठ्या घातल्या आणि कमर हातावर नुसती टेकवली. भार दिला नाही.

"अजून थोडं."

"होत नाही हो."

"होईल. घाई कुणाला आहे?"

घाई कुणालाच नव्हती. उभ्या आयुष्यात त्याने किती माणसांची मापे घेतली होती! खांदे, छाती, कंबर. अनोळखी माणसेसुद्धा हात पसरून मुकाट्याने त्याच्यापुढे उभी राहत. पुढे पाठीने दगा दिला, दुकान बंद झाले. त्याआधीच बायको गेली होती. आता शेजारीपाजारी दुरूनच मान हलवत.

"घरी कुणाला तरी असा हात घालायला सांगा," बाईंनी पहिल्याच दिवशी बजावले होते. "सांगतो की," तो म्हणाला होता. घरी त्याने स्वतःचाच हात घालून पाहिला. पण कोण कुणाला दाबते आहे तेच उमजेना. मग टॉवेलची घडी ठेवली. घडी काहीच बोलत नसे.

शेजारच्या चटईवर एक बसचालक लालबुंद होऊन धापा टाकत होता.

"डॉक्टर, जन्मभर बस चालवली, या कमरेनं कधी ब्रेक मारला नाही. आता मारलाय, तर सुटायचं नाव नाही!"

"आधी श्वास सोडा. नाहीतर टायर फुटेल," बाई म्हणाल्या. मग आवाज उतरवून शिंप्याला म्हणाल्या, "काका, परवा माझं पेन पडलं होतं. तुम्ही गुडघ्यांत वाकून, पाठ सरळ ठेवून उचललंत. मी बघत होते."

शिंप्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मग त्याने श्वास सोडला आणि कमर दाबली. पुरती.

"झालं," असे म्हणून त्यांनी हात काढून घेतला. तेवढ्या जागी चटई गार लागली.

शिकवल्याप्रमाणे तो आधी कुशीवर वळला, मग हाताचा रेटा देऊन उठला. चपला शोधू लागला.

"काका, जरा थांबता? मला त्या आजींना चालवायचंय. तोवर यांच्या कमरेखाली हात धरून बसा. भार आला की सांगा."

शिंप्याने तळवे एकमेकांवर चोळून गरम केले, गुडघे टेकले आणि उजवा हात चालकाच्या पाठीखाली सरकवला. सदरा घामाने ओला होता. कडेची शिवण उसवली होती; बोटांना ती लगेच सापडली.

"पोट आत घ्या. दाबा."

"दाबतोय की!"

"हे दाबणं नव्हे. आधी श्वास सोडा. सावकाश."

चालकाने लांब श्वास सोडला. आधी ऊब आली, मग वजन. हाडे, मांस, दिवसभराचा शीण, सगळे हळूहळू त्या तळव्यावर उतरले. बोटांची पेरे चटईत रुतली.

"आला का भार?" डोळे मिटलेल्या चालकाने विचारले.

भिंतीलगत बाई आजींचा दंड धरून पाऊल पाऊल चालत होत्या. त्यांची पाठ इकडे होती.

"अजून थोडा," शिंपी म्हणाला. "घाई कुणाला आहे?"