मेमरीचा आकडा

स्वरदाची, माझ्या नातीची, नोकरीची परीक्षा रविवारी सकाळी दहाला होती. घरूनच, कॅमेऱ्यासमोर. सराव करताना तिचा कम्प्युटर मध्येच अडकायचा. खऱ्या परीक्षेत अडकला तर दुसरी संधी नव्हती.

आमच्या गुढ़ियारी भागातला कम्प्युटरचा दुकानदार चिराग तिला म्हणाला, "दीदी, मेमरी कम पड़ती होगी. अटके तब नंबर देखना. नब्बे के ऊपर गया तो बढ़ा देंगे."

स्वरदा प्रश्न सोडवणार, म्हणून पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्यांवर नजर ठेवायचं काम माझ्याकडे आलं.

"आबा, मेमरीचा नंबर लिहत जाजा. जमेल ना?"

"काहून नाही जमणार? उरला गावच्या लोखंडाच्या भट्टीवर तीस वर्षं काढली तुह्या आबानं!"

मी साठीनंतर अक्षरं शिकलो, तीही मराठी. तिथे आकड्यांच्या चार रांगा होत्या आणि वर इंग्रजी शब्द. मेमरीची रांग कोणती, एवढंच विचारायचं होतं. पण लिहायचं काम मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. विचारायची लाज वाटली. भट्टीवर मी लोखंडाचा रंग पाहून सांगायचो, काढा म्हणून. इथे एक रांग लाल होत होती. तिचेच आकडे उतरवले. चौऱ्याण्णव, नव्व्याण्णव, शंभर.

कागद पाहून चिरागने नवी मेमरी बसवली.

शनिवारी संध्याकाळी स्वरदा सरावाला बसली. कम्प्युटर तसाच अडकला. तिने आकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"आबा, कौनसा नंबर लिहला होता तुम्ही?"

"लालवाला."

"वो तो डिस्क है, आबा." ती हळूच म्हणाली. "मेमरी तर आधी पण साठच्या वर गेली नसेल."

चिरागला फोन केला. डिस्क बदलून सगळं परत भरायला एक दिवस लागेल आणि रविवारी दुकान बंद, असं त्याने सांगितलं. ओळखीत कुणाकडे रिकामा कम्प्युटर नव्हता. मी माफी मागायला लागलो तर ती म्हणाली, "जेवून घ्या आबा."

रविवारी तिने आतून दार लावून घेतलं. खोलीत दुसरं माणूस दिसलं तरी परीक्षा रद्द, असा नियम होता. मी दाराबाहेर खुर्ची घेऊन बसलो. आतून बटणांचा आवाज येत होता. अर्ध्या तासाने तो थांबला. मी वाट पाहिली. मग एकच बटण पुन्हा पुन्हा वाजू लागलं.

मी उठलो, दारावर हात ठेवला, आणि काढून घेतला.