ताई घरीच असते

लिफ्ट तपासनीस मोठ्या शहरात उतरले, तर ज्या इमारतीची लिफ्ट तपासायची होती तिची वीजच गेलेली. रखवालदाराने ही बातमी पेढे वाटावेत तशा चेहऱ्याने सांगितली.

"संध्याकाळशिवाय काही होत नाही, साहेब. फिरून या, शहर मोठं आहे."

तपासनिसांना फिरायची सवय नव्हती. तरी ते निघाले. पूल पाहिला, पुलाखालचं पाणी पाहिलं. मग उंच मनोऱ्यावर चढले. बाकीचे लोक कठड्याकडे धावले. हे लिफ्टच्या दाराशीच कान लावून उभे.

"दोर घासतोय तुमचा," ते लिफ्टवाल्याला म्हणाले.

"साहेब, शहर त्या बाजूला आहे."

तेवढ्यात ताईचा फोन आला. थोरली बहीण याच शहरात एकटी राहत होती. येत्या रविवारी तिला कायमचं आपल्या घरी आणायचं ठरलं होतं. बायकोने मागची खोली रिकामी करून पडदेसुद्धा लावले होते. ताईला विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "तुम्ही म्हणाल तसं." त्यांच्या घरात याला होकार म्हणत.

"कुठे आहेस रे?"

"ऑफिसात." खरं सांगितलं असतं तर सबंध दिवस ताईच्या गुडघ्यांची गाऱ्हाणी ऐकण्यात गेला असता.

"वारा फार आहे तुझ्या ऑफिसात."

"पंखा आहे. तुझ्याकडे कसला गलका?"

"टीव्ही. मी कुठे जाणार बाई, घरीच असते."

"बरं ताई, येतो."

"ये."

'जातो' म्हणायचं नाही, हे दोघांच्या अंगात आईने भिनवलं होतं. म्हणून फोनवरसुद्धा हा 'येतो' म्हणायचा, ती 'ये' म्हणायची, आणि कोणी कुठे येत नसे. गावाकडून म्हटलेला 'येतो' निरुपद्रवी असतो. चार स्टॉपांवरून म्हटला की त्याला अर्थ येतो. तपासनिसांना तो 'ये' उगाच लांब वाटला. मनाला लागून राहिला. शेवटी सफरचंदं घेऊन ते ताईकडे गेले.

दाराला कुलूप.

शेजारीण बाहेर आली. "ताई? या वेळेला त्या कुठल्या सापडायला! सकाळी मिळेल ती बस पकडतात, शेवटच्या स्टॉपला उतरतात, चहा पितात, हिंडतात. भावाकडे जायचंय ना रविवारी, म्हणून राहिलेल्या बस उरकतायत."

"आणि गुडघे?"

"गुडघे नेतात की बरोबर."

"जायला खूश आहेत?"

"कुंड्या मला दिल्या. देताना रडल्या. म्हटलं, कुंड्यांसाठी रडताय? तर म्हणे, हो, कुंड्यांसाठीच."

तपासनिसांनी पिशवी तिच्या हाती दिली. "ही ठेवा तुम्हाला. आणि मी आलो होतो, हे त्यांना सांगू नका."

"बरं. पण तुम्ही कोण? म्हणजे कोण आलं नव्हतं, ते माझ्या लक्षात राहील."

"लिफ्टवाला," ते म्हणाले.

खाली उतरून त्यांनी फोन लावला.

"ताई, रविवारचं जमेलसं दिसत नाही. मागच्या खोलीला ओल आलीय."

"अगंबाई! फार?"

"भिंत पाडावी लागेल."

"मग महिना तरी जाईल."

"महिना कसला! गवंडी मिळतात का हल्ली? वर्ष धर. दोनसुद्धा."



"अरेरे," ताई म्हणाली. मुलगा पहिला आल्याची बातमी कळावी, तसं.

"पडदे मात्र वाया गेले," तपासनीस म्हणाले.

"बायकोला सांग, मनाला लावून घेऊ नकोस. माझं काय, मी इथे पडून असते. बरं, ठेवते हं, दूध उतू जातंय."

दुधामागून कंडक्टरचा आवाज स्पष्ट आला, "आजी, शेवटचा स्टॉप! उतरताय ना?"