बरं चाललंय, मॅडम

केंड्राच्या वडिलांना कुणी “कसं काय?” विचारलं की ठरलेलं उत्तर मिळायचं, “बरं चाललंय. तक्रार नाही.” सारी हयात कोळशाच्या खाणीत काढलेल्या वर्नन स्टिडमना दुसरं उत्तर देताच येत नसे. पूर्व केंटकीतल्या त्या खोऱ्यात ते कुणालाच येत नसे. आपलं दुखणं दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं म्हणजे टोपी न काढता जेवायला बसण्याइतकं असभ्य.

अस्थिमज्जेच्या कॅन्सरवर त्यांना इंजेक्शनं चालू होती. त्यांची चाल पाहून डॉक्टरांना शंका आली की औषधानं नसा मरताहेत, म्हणून त्यांनी नवी गोळी लिहून दिली. विमा कंपनीनं ती नाकारली. इंजेक्शन मानवतंय, मग एवढी महाग गोळी कशाला?

केंड्रानं एकही दार ठोठावायचं बाकी ठेवलं नाही. गोळी बनवणारे फुकट देत, पण विमा नसलेल्यांनाच. लेक्सिंग्टनच्या मोठ्या इस्पितळाचा धर्मादाय निधी म्हणाला, आधी विमा कंपनीशी भांडून घ्या. चर्चनं घेवड्याचं सूप आणि मक्याच्या पावाचं जेवण घालून वर्गणी जमवली. सगळं खोरं लोटलं, आणि त्यातून आठवडाभराच्या गोळ्या आल्या. त्या संध्याकाळी दारात उभं राहून डॅडी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, बरं चाललंय.

मग इस्पितळातल्या समाजसेविकेनं, लोरेटानं, कंपनीकडून कागद मागवले आणि केंड्राला फोन केला. कंपनीची नर्स म्हणे दर महिन्याला डॅडींना फोन करून विचारते, औषधाचा काही त्रास? आणि दर महिन्याला डॅडी सांगतात, काही नाही.

“एवढी गोड पोर,” डॅडी म्हणाले, “तिला मी माझं रडगाणं ऐकवू? तिच्या आईचं खुब्याचं ऑपरेशन झालंय.”

“ती गोड पोर ते ऐकायचाच पगार घेते, डॅडी.”

“मग कामात चोख आहे म्हणायची. फोन चुकवत नाही कधी.”

केंड्राला हसू आलं नाही. आता एकच वाट उरली होती. कंपनीबाहेरची एक डॉक्टरीणबाई फोनवर त्यांचं म्हणणं ऐकणार होती, आणि तिचा निकाल कंपनीला मानावाच लागणार होता. केंड्रानं आठवडाभर डॅडींची तयारी करून घेतली. खरं तेवढंच सांगा, पण सगळं सांगा.

त्या दिवशी डॅडी चर्चला घालायचा शर्ट घालून स्वयंपाकघरात बसले. केंड्रानं फोन स्पीकरवर टाकला. केंड्राची चार वर्षांची आयव्ही सोफ्यावर झोपली होती. डॉक्टरीणबाईंनी तब्येत विचारली.

“बरं चाललंय, मॅडम.”

केंड्रानं डॅडींच्या हातावर हात ठेवला. बाई घाईत नव्हत्या. शर्टाची बटणं लावता येतात का, त्यांनी विचारलं.

“टिचबटणांचेच शर्ट घालतो हल्ली,” डॅडी हळूच म्हणाले.

ती केंड्राला त्यांची हौस वाटली होती. नाताळात तिनंच तसे दोन आणून दिले होते.

“आणि पाय?”

“गुडघ्याखाली नाहीतच म्हणा ना. खाली बघून पाऊल टाकतो.”

“कधीपासून?”

“उन्हाळ्यापासून.”

हवं होतं तेच ते बोलत होते. केंड्राला मात्र मान वर करवेना.

“गाडी चालवता?”

“चालवतो. ब्रेक दाबला गेला की नाही, ते गाडी हळू झाली की समजतं.”

“गाडीत एकटेच असता?”

डॅडींनी सोफ्याकडे पाहिलं. “नातीला शाळेत सोडतो.”

केंड्राची नर्सिंग होममधली पाळी सकाळी सातला लागे, म्हणून ते काम डॅडींनी आपणहून अंगावर घेतलं होतं. ओढ्याकाठचा रस्ता, वळणामागून वळण, कठडा कुठेच नाही. पलीकडे बाई टाइप करत होत्या. हे फार महत्त्वाचं आहे, त्या म्हणाल्या, निकालात याचा उपयोग होईल. केंड्रानं त्यांचे आभार मानले. आपला आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा वाटला.

फोन ठेवल्यावर डॅडी म्हणाले, “बोललो ना सगळं? आता आयव्हीला कोण सोडणार?”

“मी,” केंड्रा म्हणाली.

“आणि तुझी नोकरी?”

आयव्हीनं कूस बदलली. केंड्रानं उठून तिचं पांघरूण सारखं केलं, ते सारखं असूनही.