घर बघितलंस?

मित्रांनो, पिस्तूल स्वतःची गोष्ट सांगू लागलं की ऐकणारे आधी दोन पावलं मागे सरतात. सरू नका. मी साठी ओलांडलेलं एक पोलादी पिस्तूल आहे, माझ्या पोटात एकही गोळी नाही, आणि पोलीस ठाण्यातल्या एका राखाडी पेटीत पडून मी हे सांगतो आहे. शुक्रवारी ही पेटी भट्टीकडे जाईल. तोवर माझं सांगून होईल.

माझा जन्म र्‍हाइन नदीच्या काठी, एका कारखान्यात झाला. त्या काळी आमचे सांधे हाताने जुळवत. एका कारागिराने तीन दिवस कानस मारून माझी स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, अशी बसवली की आत केससुद्धा जाऊ नये. मला त्याचा गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. तिथून मी स्विस सैन्यात फ्रिडली झोप्फी नावाच्या तरुणाच्या हाती आलो. आमच्याकडे लष्करी चाकरी संपली की माणूस आपलं हत्यार घरी नेऊ शकतो. चाकरीची वीस वर्षं सरल्यावर फ्रिडलीने मला ग्लारुसच्या डोंगरातल्या आपल्या गावी नेलं आणि तिथल्या नेमबाजी मंडळात नाव घातलं.

गावामागच्या घळीत आमची लाकडी शेड होती. शनिवारी दुपारी शेडवर लाल निशाण चढलं की पलीकडच्या कुरणातल्या गायीदेखील ओळखायच्या, आता ठो-ठो सुरू होणार. पंचवीस मीटरवर कागदी लक्ष्य, या बाजूला लांब टेबल. फ्रिडलीच्या टोपीवर एकोणीस बिल्ले आहेत. ते सगळे मी मिळवले, टोपी तेवढी त्याची. लोक मला हातात घेऊन म्हणायचे, "काय वस्तू आहे!" आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो.

माझ्यात एक वाईट खोड होती. गोळी सुटली की माझा घोडा, म्हणजे गोळीवर आपटणारी मागची हातोडी, मागे येऊन धरणाऱ्याच्या अंगठ्याजवळची कातडी चिमटायचा. फ्रिडलीच्या हातावर तिथे कायमचा घट्टा पडला होता.

आणि एक चांगुलपणा होता. तो नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं. आमच्या मुठीत गोळ्यांची डबी बसते, तिला मॅगझिन म्हणतात. एक गोळी सुटली की दुसरी आपोआप वर येऊन नळीच्या मागच्या कप्प्यात बसते. त्या कप्प्याला आमच्या मंडळात 'घर' म्हणतात. मॅगझिन काढलं तरी घरात एक गोळी राहू शकते. पण मला घडवणाऱ्याने माझ्यात अशी योजना केली होती की मॅगझिन बाहेर असेल तर माझा चाप काही केल्या चालत नाही. घरात गोळी असली तरीही.

मंडळाचा नियम कडक होता. नेमबाजी संपली की मॅगझिन काढायचं, स्लाइड मागे ओढायची, घर रिकामं असल्याचं डोळ्यांनी बघायचं आणि मंडळप्रमुखाला दाखवायचं. फ्रिडली मॅगझिन काढायचा आणि चाप दोनदा दाबून बघायचा. काहीच व्हायचं नाही. बाहेर पडताना कुलूप लावून आपण ते ओढून बघतो ना, तसं. मग तो स्लाइड नावापुरती हलवायचा. मंडळप्रमुख मेल्क हा त्याचा शाळेपासूनचा दोस्त. तो विचारायचा, "घर बघितलंस?" फ्रिडली म्हणायचा, "बघितलं, बघितलं," आणि दोघं भाजलेल्या सॉसेजच्या वासाने शेडमागे पळायचे.

खरं सांगू? चाळीस वर्षांत त्याने सात-आठ वेळा घर बघितलं नव्हतं आणि आत गोळी होती. दर वेळी मी चाप अडवून धरला. मी कुणाला बोललो नाही. उलट मला त्याचं कौतुकच वाटायचं, की पाहा, मी याला कसा सांभाळून घेतो.

गेल्या शरद ऋतूत फ्रिडलीचा हात थरथरू लागला. त्याने मला आपल्या मुलीला, रेगुलाला दिलं. रेगुला पोस्टाची पिवळी बस चालवते. तिला नेम वडिलांनीच शिकवला, माझ्यावरच. पण माझा चिमटा तिला सोसवेना. अंगठ्याजवळ पट्टी लावून घाटात बस वळवताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्यात मेल्कने आपलं एक नवं पिस्तूल विकायला काढलं. काळं, प्लास्टिकच्या मुठीचं, माझ्यापेक्षा कितीतरी हलकं.

रेगुलाने जेवताना सांगून टाकलं, "घरात एकच पिस्तूल राहील, बाबा. शनिवारी दोन्ही चालवून बघते. हे हरलं तर सोमवारी पोलिसांकडे जमा करायचं."

"जमा म्हणजे वितळवतात ते!" फ्रिडली म्हणाला.

"ठाऊक आहे मला."

"मग तुझ्या त्या डबड्याला घाल भट्टीत!"

"ते मेल्ककाकांचं आहे. ते त्यांच्या कपाटात परत जाईल."

म्हणजे पाहा मित्रांनो, हरलं तर त्याला कपाट आणि मला भट्टी. ते तीन दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत.

शनिवार आला. निशाण चढलं. शेडमध्ये तिघंच होती: रेगुला, फ्रिडली आणि मेल्क. टेबलावर मी एका बाजूला आणि तो काळा माझ्या शेजारी. मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही.

आधी रेगुलाने मला उचललं. दहा गोळ्या. मी जीव ओतला. माझा चाप लोण्यासारखा मऊ आहे, तो मी आणखी हळुवार केला. चिमटा काढायचा नाही, असं शंभरदा स्वतःला बजावलं. पण सातव्या गोळीला घोडा गेलाच तिच्या कातडीवर. तिने दात आवळले. मेल्क दुर्बिणीला डोळा लावून ओरडला, "शंभरपैकी चौऱ्याण्णव!"

"ऐकलंस?" फ्रिडलीची छाती फुगली. "चौऱ्याण्णव! साठीचं म्हातारं आहे ते!"

"तुझ्यापेक्षा तरुणच की," मेल्क म्हणाला.

मग तो काळा. त्याचा चाप जड आणि रुक्ष, आवाजात काही गोडवा नाही. पण रेगुलाचा हात शांत होता. दहा गोळ्या. मेल्कने दुर्बीण पुसली, पुन्हा लावली.

"त्र्याण्णव."

एका गुणाने मी जिंकलो होतो! पण रेगुला हसली नाही. ती पट्टीखालचं रक्त पुसत दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. म्हणाली, "एका गुणाचं काय एवढं. हात तरी शाबूत राहतो याने."

फ्रिडलीला राहवलं नाही. "आण इकडे ते खेळणं. दाखवतो तुला त्याची लायकी!"

"फ्रिडली, तुझा हात..." मेल्क म्हणाला.

"हाताचं मला सांगू नकोस. पाच गोळ्या भर."

मेल्कने भरल्या. फ्रिडलीने नेम धरला. पहिली गोळी लक्ष्याच्या कडेला. दुसरी कागदाबाहेर, मागच्या मातीत. तिसऱ्या वेळी हात इतका हलू लागला की नळीचं टोक हवेत गोल फिरायला लागलं. तो थांबला. त्याचा चेहरा पडला होता. मेल्कने दोस्ताची लाज राखायला दुर्बिणीत डोळा घातला आणि तो उगाच तिकडेच बघत बसला.

"पुरे," फ्रिडली म्हणाला. त्याने मॅगझिन काढलं आणि टेबलावर, माझ्या शेजारी ठेवलं.

मॅगझिन टेबलावर आलेलं रेगुलाने बघितलं. तिच्या लेखी सगळं संपलं होतं. ती खाली वाकली आणि जमिनीच्या फळ्यांवरची, सुटलेल्या गोळ्यांची रिकामी पितळी टोपणं वेचू लागली.

मी मॅगझिनमध्ये बघत होतो. पाच भरल्या होत्या, दोन सुटल्या होत्या. मॅगझिनमध्ये दोनच होत्या. तिसरी त्या काळ्याच्या घरात बसली होती. आणि त्याच्यात माझ्यासारखी योजना नव्हती. मॅगझिन आत असो की बाहेर, चाप दाबला की तो आपलं काम करणार. मेल्क हे जाणून होता, पण तो दुर्बिणीत होता. फ्रिडलीला ते ठाऊक नव्हतं.

मित्रांनो, आयुष्यात मला एकदाच माणसाचा आवाज हवासा वाटला. मी ओरडलो असतो, "घर बघ! फ्रिडली, घर बघ!" पण आम्हाला एकच आवाज दिलेला आहे, आणि तो दुसऱ्याच्या बोटावर असतो.

फ्रिडली मुलीकडे वळला. "रेगी, माझं ऐक, या डबड्यात..." असं म्हणत त्याने चाळीस वर्षांच्या सवयीने चाप दाबला.

शेड हादरली. रेगुलाच्या डाव्या बुटापासून वीतभर अंतरावरच्या फळीची ढलपी उडाली. पितळी टोपणं तिच्या हातून सांडली आणि सगळीकडे घरंगळत गेली.

मग मेल्क उठला. त्याने फ्रिडलीच्या हातातून पिस्तूल हळूच सोडवून घेतलं, स्लाइड मागे ओढून घर बघितलं आणि ते टेबलावर ठेवलं. मग बाहेर जाऊन निशाण उतरवलं. मग तो आत परतला.

"मॅगझिन काढलं होतं मी," फ्रिडली पुन्हा पुन्हा म्हणत होता. "मेल्क, तू बघितलंस ना? काढलं होतं मी मॅगझिन."

"घर बघितलंस?" मेल्कने विचारलं.

फ्रिडलीने मान खाली घातली. "नाही. कधीच नीट बघत नव्हतो."

"आणि मी कधीच नीट विचारत नव्हतो," मेल्क म्हणाला.

रेगुला फळ्यांवर बसूनच होती. तिने बुटाजवळच्या त्या भोकावर बोट ठेवलं. "मीही तेच करते, बाबा. मॅगझिन काढते आणि चाप दोनदा दाबते. तुमच्याकडूनच शिकले. आतासुद्धा मॅगझिन दिसलं म्हणूनच वाकले मी."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती चूक त्या काळ्याने शिकवली नव्हती, मी शिकवली होती. फ्रिडलीला घर न बघण्याची सवय माझ्यामुळे लागली होती, आणि ती मुलीच्या बोटातही उतरली होती. चौऱ्याण्णव गुणांचा माझा सगळा ताठा गळून पडला. मला स्वतःची लाज वाटली.

रेगुला उठली आणि तिने तो काळा उचलला. "हे घेते मी. हे मला सांभाळून घेणार नाही, म्हणून मीच बघायला शिकेन."

"मग याला?" फ्रिडलीने मला पदकासारखं दोन्ही हातांत धरलं होतं. "याने चाळीस वर्षांत कधी..."

"म्हणूनच, बाबा."

त्याने माझी बाजू घेऊन भांडावं असं मला वाटलं नाही. तोही भांडला नाही.

सोमवारी सकाळी फ्रिडलीने मला तेल लावून पुसलं आणि एकटाच बसने घेऊन आला. ठाण्यातल्या तरुण शिपायाने कागद भरून घेतले आणि सवयीने विचारलं, "रिकामं आहे ना, आजोबा?"

"मॅगझिन काढलंय," फ्रिडली म्हणाला.

मग त्याने मला भिंतीकडे वळवलं. थरथरत्या हाताने स्लाइड पूर्ण मागे ओढली. वाकून, चष्मा कपाळावर सारून आत बघितलं. तेवढ्याने त्याचं समाधान झालं नाही. करंगळी आत घालून चाचपून बघितलं. माझ्या सगळ्या आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं.

"घर बघितलं," तो शिपायाला म्हणाला. "रिकामं आहे."

आणि मला पेटीत ठेवून तो मागे न बघता गेला.

मित्रांनो, कुठे पिस्तूल पडलेलं दिसलं तर त्याला हात लावू नका, मोठ्या माणसाला बोलवा. आणि तुम्ही मोठे झालात की, गॅसची शेगडी असो, गाडी असो की आणखी काही, तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी भली वस्तू असेल. तुमच्या चुका ती मुकाट्याने पोटात घालत असेल. तिला पुसा, जपा, पण तिच्या भरवशावर डोळे मिटू नका. फ्रिडलीने शेवटी बघितलं तसं रोज बघा. त्याच्या करंगळीची ऊब माझ्या घरात अजून आहे, आणि भट्टीत जाताना तेवढीच घेऊन मी जाणार आहे.