ताटावरून उठलेले मानकरी

मोबाइलवर पोरं नुसती ठो-ठो करतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा शिवकन्याला भेटावं. हातात तलवार दिली म्हणून लढवय्या होत नाही बाबा. तो आला कुठून, चिडलाय कुणावर, घाबरतो कशाला, हे सगळं कुणीतरी बसून लिहावं लागतं. पुण्याच्या एका गेम कंपनीसाठी ते लिहायचं काम शिवकन्या नांदेडात, तरोड्याच्या घरी बसून करायची. तिची आई कावेरीबाई शेजारणींना सांगायची, "कंपूटरवर कायतरी खोटंनाटं लिहिते. पगार मात्र खरा हाय."

यंदा कंपनीच्या साहेबांना लढवय्यांची नवी फौज हवी होती. राग हीच जिची ताकद, अशी. शिवकन्यानं बरंच डोकं खाजवलं. सूड घेणारे, शाप लागलेले, सगळे वापरून वापरून गुळगुळीत झालेले. मग तिला मामा आठवला.

लातूरजवळच्या मुरुडचा पिराजीमामा म्हणजे कावेरीबाईचा धाकटा भाऊ. चार वर्षांमागं शिवकन्याच्या भावाचं लग्न झालं, तेव्हा पाहुण्यांना फेटे बांधताना आत्याच्या नवऱ्याला आधी बांधला आणि मामाला मागून. बस्स, एवढंच. मामा भरल्या ताटावरून उठला, बुंदीला हातही न लावता उपाशीपोटी मुरुडला गेला, आणि तेव्हापासून त्यानं नांदेडचं तोंड पाहिलं नव्हतं.

मग काय, शिवकन्याची बोटं थांबेनात. तिनं लिहिलं, की काळदुर्गाच्या राजानं एकदा मोठी मेजवानी दिली आणि दुर्गाच्या राखणदारांना पहिल्या पंगतीत बसवायचं विसरला. हेच ते मानकरी. तेव्हापासून ते दुर्गाकडं पाठ करून वेशीवर बसलेत. त्यांचं चिलखत लोखंडाचं नाही, अपमानांचं आहे. कुणी रामराम घालायला चुकलं की त्यावर आणखी एक पत्रा चढतो. त्यांचा सगळ्यात भयंकर वार म्हणजे ताटावरून उठणं. मानकरी ताटावरून उठला की आसपासच्या शत्रूंचं अवसानच गळतं. मारून ते मरत नाहीत. पण कुणी फेटा बांधून "चला, तुमच्यावाचून अडलंय" म्हणालं, की जागच्या जागी विरघळतात. चित्रकारासाठी तिनं तेवढ्यात लिहून टाकलं, एक मिशी वर, एक मिशी खाली, खांद्यावर पिवळा टॉवेल.

पोरांनी मानकरी डोक्यावर घेतले. साहेब खूश झाले. आणि त्या खुशीत या शहाणीनं काय करावं? गेमची लिंक सगळ्या नातेवाइकांना पाठवली. सगळ्या म्हणजे सगळ्या!

दुसऱ्याच दिवशी रत्नम्मामामीचा फोन आला. मामी निलंग्याकडची, दुपारचं काम आवरलं की मोबाइल घेऊन बसायची.

"शिवे, तुझ्या मामाचा फोटू कंपनीला कुणी दिला गं?"

शिवकन्याच्या तोंडचं पाणी पळालं. "मामानं बघितलं?"

"बघितलं म्हणून काय विचारतीस? काल धरनं माझा मोबाइल माझ्या हाती न्हाई. जेवायला वाढलं तर ताटावरून उठले."

इकडं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. कुणाचं काय विचारता, शिवकन्याचंच! लाउडस्पीकरवर भटजी ओरडणार, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं," आणि मामाच्या जागी कोण येणार? आत्याचा नवरा? या विचारानंच तिला रडू यायचं. लहानपणी मुरुडच्या बाजारात ती मामाच्या खांद्यावर बसून फिरली होती. तिला मामाच पाहिजे होता, दुसरं कुणी नको होतं. आधी त्याचा राग फेट्याएवढा होता, आता हिनं तो गावभर केला. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं तिला वाटलं.

सकाळच्या गाडीनं ती मुरुडला निघाली. मामा अंगणात खाटेवर पाठमोरा बसला होता, मोबाइलवर बोटं चालू.

"मामा, चुकलं माझं. सगळं पुसायला लावते कंपनीला."

"पुसायला कशाला? चांगलं लिहिलंस." मामानं मान वळवली नाही. "ते ताटावरून उठायचं तर लई झकास. पण एक साफ चुकलं तुझं."

"काय?"

"तुझा मानकरी कुणीबी फेटा बांधला तरी विरघळतोय. कोण कुठलं पोरगं येतंय, बांधतंय, आन् हा गडी गार! असं असतंय का? तुझा बाप आला, शाल देऊन गेला. तुझा भाऊ आला. तुझा चुलता आला. मी विरघळलो का?" आता तो वळला. "ज्यानं दुखवलं, त्यानंच यावं लागतंय पोरी. बाकीच्यांनी कितीबी फेटे बांधा, डोकं तेवढं गरम व्हतंय."

शिवकन्यानं मनातल्या मनात मोजलं. चार वर्षांत सगळे येऊन गेले होते, फक्त आई आली नव्हती. भावाच्या लग्नात फेट्यांचं ताट आईच्याच हातात होतं, कुणाला आधी ते तीच सांगत होती.

घरी येऊन तिनं आईला हे सांगितलं, तर कावेरीबाईचा पारा चढला.

"मी जाऊ? मी थोरली! थोरलीनं धाकल्याच्या दारात जायचं? त्याला चार वर्सात अक्का जिती हाय का मेली, विचारावं वाटलं न्हाई!"

शिवकन्यानं कपाळाला हात लावला. अपमानांचं चिलखत घालून बसलेला एक मानकरी मुरुडला होता, आणि दुसरी इथं तिच्याच स्वयंपाकघरात भाकरी थापत होती.

"बरं, नको जाऊ," ती म्हणाली. "आत्याचा नवरा आणील मला मांडवात."

कावेरीबाईचा हात थांबला. भाकरी तव्यावर करपली तरी तिचं लक्ष गेलं नाही. मग पदरानं डोळे पुसून ती म्हणाली, "येते. पण एक शब्द बोलणार न्हाई. नुसती दिसून येते."

आणि खरंच, मामाच्या अंगणात खुर्चीवर बसून ती नुसती दिसत राहिली. मामा खाटेवर भिंतीकडं तोंड करून. मामी एकदा याच्याकडं बघायची, एकदा तिच्याकडं. शेवटी मामा भिंतीला म्हणाला, "पाव्हण्यांना पाणी द्या."

झालं! कावेरीबाई ताडकन उठली.

"पाव्हणी? मी? तुझ्या नाकाचा शेंबूड पुसला रे ह्या हातानं, आन् मी पाव्हणी?"

पिशवी उचलली आणि तरातरा स्टँडकडं चालू लागली. शिवकन्या मागं धावली. होतं नव्हतं ते सगळं संपलं असं तिला वाटलं. लातूरची गाडी लागलीच होती. आई पायरीवर पाय ठेवणार, तेवढ्यात मागून हाक आली.

"अक्का!"

मामा अनवाणी पळत आला होता. टॉवेल कुठं पडला त्याचं त्याला भान नव्हतं. भर स्टँडात तो वाकला आणि त्यानं बहिणीचे पाय धरले.

"चुकलं अक्का. तोंडातनं निघून गेलं."

"आन् तवाचं?" कावेरीबाई दुसरीकडं बघत म्हणाली.

"तवा तुझं चुकलं."

शिवकन्यानं डोळे मिटून घेतले. गेलं आता सगळं.

"हाव," आईचा आवाज आला, अगदी बारीक. "तवा माझं चुकलं रे पिऱ्या. लई चुकलं."

मग दोघं जी रडली! कंडक्टरनं बेल मारली, पुन्हा मारली, शेवटी खाली उतरून म्हणाला, "मावशी, रडायचं तर आत बसून रडा." मामा तसाच अनवाणी गाडीत चढला. "अक्काला लातूरपर्यंत सोडून येतो," म्हणाला. दोघं एका बाकावर बसली आणि शिवकन्या मागच्या बाकावर.

कंडक्टर आला.

"अक्काचं तिकीट मी काढणार," मामा.

"थोरली मी हाय. मी काढणार."

"माझ्या गावातनं निघालीस, माझा मान हाय!"

"तुझा कसला मान? मोठी बहीण बसली हाय इथं!"

आवाज चढले, माणसं माना वळवून बघायला लागली. आत्ताच कुठं जुळलंय, हे पुन्हा तुटायला नको! शिवकन्यानं मागून हात घालून पटकन तिन्ही तिकिटं काढली.

दोघं सावकाश मागं वळली.

"आमी काय मेलो व्हतो?" मामा म्हणाला.

"थोरली माणसं बसलेली असताना पोरगी तिकीट काढते," आई म्हणाली. "बघितलंस पिराजी?"

"बघितलं अक्का."

दोघांनी एकाच वेळी पाठ फिरवली. शिवकन्यानं कान पकडले, माफी मागितली, शेंगदाण्याची पुडी पुढं केली. पुडी घेतली, पण तिच्याकडं बघितलं नाही. तिला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही आवरेना. लातूर येईपर्यंत ती दोघं तिच्याशी एक शब्द बोलली नाहीत. एकमेकांशी मात्र त्यांचं बोलणं काही केल्या थांबेना.