इंजिन बंद पडले नव्हते

मित्रांनो, धरणाच्या काठाने चालत गेलात, तर चिखल वाळून भेगाळलेल्या जमिनीवर एक लोखंडी लाँच कलंडलेली दिसेल. तिचा मूळ रंग कोणता होता हे आता सांगता येत नाही. चालकाच्या बैठकीखाली शेजारच्या घरातल्या कोंबड्या अंडी घालतात. ती लाँच म्हणजे मी. बाके कधीच उचलून नेली आहेत, त्यामुळे तुम्हाला बसा म्हणायचीही सोय राहिलेली नाही. उभ्याउभ्याच ऐका.

माझा जन्म पत्र्याच्या एका मोठ्या शेडमध्ये झाला. तिथे दिवसभर ठिणग्या उडत आणि कोणाचे बोलणे कोणाला ऐकू येत नसे. माझे सांधे जोडणारा वेल्डर मोठा फुशारकी मारणारा होता. शेवटचा सांधा पुरा झाल्यावर त्याने माझ्या पोटावर हात फिरवला आणि म्हणाला, "हिच्यात थेंबभर पाणी शिरलं, तर मी हे काम सोडून भाजी विकीन." आपण इतक्या भक्कम आहोत, हे ऐकून मला फार बरे वाटले होते.

मला का बनवले, तेही सांगते. इथे पूर्वी नदी होती. नदीवर दगडी पूल होता आणि पुलावरून पलीकडच्या गावाला रस्ता जात होता. मग शहराला पाणी हवे म्हणून धरण बांधले. रस्ता बुडाला, पूलही बुडाला. पलीकडचे गाव डोंगराच्या अंगाला उंचावर होते, म्हणून तेवढे वाचले. पण दवाखाना, बाजार, मोठी शाळा सगळे अलीकडे राहिले. डोंगराला वळसा घालून यायचे तर सकाळी निघालेला माणूस दिवस कलता कलता पोहोचायचा.

हे धरण ज्या सरकारी खात्याने बांधले, त्याच खात्याच्या बसही या भागात धावत. त्याचे नाव 'वाहतूक व पाणी विभाग'. मला पाण्यात सोडले, त्या दिवशी तेव्हाचे मोठे साहेब काठावर उभे राहून म्हणाले होते, "पाणी आम्ही आणलं, रस्ता आम्ही बुडवला. मग वाटही आम्हीच द्यायला पाहिजे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या दोन्ही अंगांवर पांढऱ्या अक्षरांत विभागाचे नाव रंगवले गेले. लहान मूल आपले आडनाव मिरवते, तसे मी ते मिरवत असे.

माझ्या चालकाला सगळे तांडेल म्हणत. अंगाने आडवा, आवाजाने त्याहून आडवा. रोज सकाळी इंजिनाचे झाकण उघडून तो आधी विचारायचा, "काय बाईसाहेब, झाली का झोप?" मग हँडल मारायचा. मी पहिल्या फटक्यात चालू झाले की माझे कौतुक, नाही झाले की माझ्या सात पिढ्यांचा उद्धार! पण तेलपाणी त्याने कधी चुकवले नाही.

माझ्यावर रोज येणाऱ्यांत एक नर्सबाई होत्या. किडकिडीत आणि भराभर बोलणाऱ्या. मांडीवर लशींची थंड पेटी घेऊन त्या सगळ्यात पुढे, माझ्या नाकाजवळच्या बाकावर बसत. पलीकडच्या गावातला छोटा दवाखाना त्या एकट्याच चालवत. त्यांचे यजमान शिंपी होते, अलीकडच्या धक्क्यासमोरच त्यांचे दुकान होते. नर्सबाई चष्मा घरी विसरायच्या आणि शिंपी गळ्यात टेप अडकवलेल्या अवस्थेत तो घेऊन पळत यायचे.

"शिंपीदादा," तांडेल ओरडायचा, "एवढी दुनियेची बटणं लावता, बायकोच्या चष्म्याला एक दोरी लावा की!"

"लावली होती," शिंपी धापा टाकत म्हणायचे. "दोरीसकट विसरते."

माझे चांगले दिवस पुष्कळ होते. शेळ्या, धान्याची पोती, कपाट, सासरी निघालेली रडवेली नवरी, परीक्षेला निघालेली मुले, असे काय काय मी वाहून नेले. एकदा तर दवाखान्यात पोहोचायच्या आधीच, ऐन पाण्याच्या मध्यावर, एक बाई माझ्यावर बाळंत झाली. नर्सबाईंनी सगळ्या पुरुषांना पाठ करून उभे केले आणि तांडेलाला इंजिन बंद करायला लावले. एवढी शांतता मी पुन्हा अनुभवली नाही. मग बाळ रडले आणि पाठमोरा उभा असलेला तांडेलही रडला. माझा फोटो वर्तमानपत्रात छापून आला. विभागाचे लोक येऊन माझ्यासमोर उभे राहून फोटो काढून घेऊ लागले.

तोवर मी समजत होते की आपला विभाग एकच आहे. मग माझे छप्पर गळू लागले, प्रवाशांच्या बुडू न देणाऱ्या जाकिटांना बुरशी चढली आणि तांडेल नव्या जाकिटांसाठी कचेरीत गेला. तेव्हा कळले की विभागाचे दोन मजले आहेत. वाहतूक खाली, पाणी वर.

"खालचे म्हणतात, लाँच पाण्यावर चालते, वर जा," तो परत येऊन नर्सबाईंना सांगत होता. "वरचे म्हणतात, माणसं नेते ना? मग खाली जा. त्या जिन्यात माझ्या चपलेचा तळ गेला, बाई."

"मग मिळाली का जाकिटं?"

"चहा मिळाला. दोन्ही मजल्यांवर."

सगळे हसले होते. मलाही तेव्हा ते हसण्यासारखेच वाटले होते.

वरच्या मजल्यावरचा एक तरुण इंजिनिअर मात्र आमचा होता. लोक त्याला छोटे साहेब म्हणत. धरणाचे दरवाजे उघडणे, बंद करणे त्याच्याकडे होते. पाण्याची पातळी बघायला तो माझ्यावरून यायचा, तांडेलाच्या डब्यातला घास खायचा आणि नर्सबाईंकडून डोकेदुखीची गोळी मागून घ्यायचा. दरवाजे मोठे उघडायचे झाले, की तो आधी तांडेलाला फोन करी, "आज पाणी उतरेल, पुलावरून येऊ नका, लांबून या." कारण बुडालेला पूल माझ्या नेहमीच्या वाटेवरच होता. असा फोन करावा, असा नियम मात्र कुठेच नव्हता. दोन माणसांचे पटत होते, म्हणून तो फोन येत होता.

मग तो उन्हाळा आला. धरणातले पाणी आधीच खूप खाली गेले होते. शहरात नळ कोरडे पडले. लोक रिकाम्या बादल्या वाजवत कचेरीवर गेले, काचा फुटल्या. एका दुपारी वरून हुकूम आला की दरवाजे ताबडतोब पूर्ण उघडा. छोटे साहेब कित्येक रात्री नीट झोपलेले नव्हते. त्यांच्या डाव्या कानाला एक फोन, उजव्या कानाला दुसरा. त्यांनी दरवाजे उघडले. तिसरा फोन करायचा राहून गेला.

मी तेव्हा पलीकडच्या काठाला बांधलेली होते. नर्सबाई दवाखाना बंद करून आल्या. त्या दिवशी परतणाऱ्या त्या एकट्याच होत्या. माझा दोर ताणला गेलेला त्यांना दिसला.

"तांडेल, पाणी उतरल्यासारखं वाटतंय हो."

त्याने वाकून पाहिले. "ऊनच तसं आहे, बाई. दरवाजे उघडले असते, तर छोट्या साहेबांचा फोन आला असता."

"तेही खरंच," त्या म्हणाल्या आणि पुढच्या बाकावर जाऊन बसल्या.

आम्ही निघालो. पाणी गढूळ होते, तळाचे काही दिसत नव्हते. माझे इंजिन उत्तम चालले होते. नर्सबाईंना काठावर आपले यजमान दिसले असावेत. त्या हात हलवायला उभ्या राहिल्या, आणि त्याच क्षणी माझे नाक बुडालेल्या पुलाच्या कठड्यावर आदळले. माझा पत्रा फाटला. मी पुलावर चढून तिरकी अडकले. नर्सबाई समोर फेकल्या गेल्या, दगडावर आपटल्या आणि पाण्यात गेल्या. तांडेलाने मागोमाग उडी टाकली. त्याने त्यांना वर आणले, माझ्या फळीवर निजवले, छाती दाबली, हाका मारल्या. माझे इंजिन त्या सगळ्या वेळात धडधडत होते. ते बंद करायचेही त्याला सुचले नाही. आणि त्यांची छाती मात्र हलली नाही.

मला ओढून काठावर आणले. काही दिवसांनी मोठे साहेब चौकशीला आले. पहिल्या दिवशीचे ते साहेब केव्हाच निवृत्त झाले होते. हे नवे होते, आणि माणूस म्हणून वाईट नव्हते. ऊन फार होते, म्हणून ते माझ्याच सावलीत टेकले. समोर तांडेल आणि छोटे साहेब उभे.

"फोन केला नाही म्हणून याची नोकरी जाईल," मोठे साहेब म्हणाले. "पाणी उतरलेलं दिसत असून लाँच काढलीस, म्हणून तुझी जाईल. दोन घरं उघड्यावर येतील. गेलेली बाई काही परत यायची नाही." मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. "इंजिन बंद पडलं, लाँच भरकटली आणि पुलावर आदळली. जुनी झालीच होती."

"पण साहेब, इंजिन चालू होतं," तांडेल म्हणाला.

"मुली किती आहेत तुला?"

"दोन."

"मग इंजिन बंद पडलं होतं."

छोटे साहेब आपल्या बुटांकडे बघत उभे होते. तांडेलाने सही केली.

मित्रांनो, खरे सांगते, मला त्यांचा राग आला नाही. मी लोखंडाची. मला ना पोर, ना बाळ. माझ्यावर आळ घेऊन दोन चुली पेटत्या राहणार असतील, तर राहू देत, असे मला वाटले. पुढे काय होणार, हे मला तेव्हा समजले नाही. दोष इंजिनाचा ठरला, म्हणून लाँच धोकादायक ठरली आणि फेरी कायमची बंद झाली. आणि दरवाज्यांचा दोष नाहीच ठरला, म्हणून दरवाजे पूर्वीसारखेच न सांगता उघडत राहिले.

पलीकडच्या गावाची वाट तुटली. एका अडलेल्या बाईला डोंगरावरून झोळीत घालून आणत होते, तिचे बाळ वाटेतच गेले. शाळेच्या गुरुजींनी बदली मागून घेतली. मग एकेक घर बंद होऊ लागले. मला इथून दिसायचे, लोक डोक्यावर दारे-खिडक्या घेऊन मुंग्यांसारखे डोंगर चढत होते.

बऱ्याच दिवसांनी एका सकाळी शिंपी माझ्याकडे आले. सोबत पंप दुरुस्त करणारा मिस्तरी होता. शिंपी फार वाळले होते. ते मिस्तरीला म्हणाले, "मी त्या दिवशी काठावर होतो. मला इंजिनाचा आवाज येत होता. सगळे म्हणतात, तुला भास झाला. तू एकदा बघून सांग."

विभागाने तांडेलाला जवळच्याच पाण्याच्या टाकीवर पहारेकरी नेमले होते. माझ्याजवळ माणसे दिसताच तो धावत आला, पण लांबच उभा राहिला. मिस्तरीने झाकण उघडले, नळ्या साफ केल्या, डिझेल ओतले. हँडल मारले. दुसऱ्यांदा मारले. तिसऱ्यांदा मी चालू झाले.

इतकी वर्षे माझ्या आवाजाने माणसे खूश व्हायची. त्या सकाळी तिघांपैकी कोणीही एकमेकांकडे बघेना.

"बंद कर," शिंपी म्हणाले. मग तांडेलाकडे वळले. "ती घरी काय म्हणायची, ठाऊक आहे? मी म्हणायचो, पोहायला शीक. तर म्हणायची, तांडेल आहे तोवर मला पोहता आलं नाही तरी चालतं."

तांडेल पुढे आला. त्याने सगळे सांगितले. फोनचे, सहीचे, मुलींचे. शिंप्यांनी ते शेवटपर्यंत ऐकले. शेवटी एवढेच म्हणाले, "मला तुझी नोकरी घालवायची नाही. माझ्यासोबत कचेरीत चल."

दोघे जिना चढले. वर छोटे साहेब होते. तांडेलाने बोलायला सुरुवात केली, तेव्हा ते स्वतःच उठून म्हणाले, "फोन मी करायला हवा होता." त्यांच्या तोंडून हे निघायला वर्ष लोटले होते. तांडेल आणि छोटे साहेब, दोघांच्याही नोकऱ्या गेल्या. छोटे साहेब गाव सोडून गेले. तांडेल आता त्या मिस्तरीच्या हाताखाली पंप खोलतो. शिंपी त्याच्याशी आजही बोलत नाहीत, पण त्याच्या मुलींचे शाळेचे कपडे तेच शिवतात आणि तयार झाले की दुसऱ्या कोणाबरोबर पाठवून देतात.

मित्रांनो, वस्तू जपा, असे तुम्हाला पुष्कळ जण सांगतील. तेलपाणी करा, गंज चढू देऊ नका. ते कराच. पण माझे एक वेगळे मागणे आहे. तुम्ही मोठे व्हाल, कोणी वरच्या मजल्यावर बसाल, कोणी खालच्या. काही बिघडले, कोणी दगावले, तर वस्तू मुकी आहे म्हणून तिच्या माथी मारून मोकळे होऊ नका. मला भंगारात काढले, त्याचे मला काही नाही. पण जे खरोखर बिघडले होते, ते तसेच राहिले आणि त्याखाली एक अख्खे गाव गेले.

विभागात आता नियम झाला आहे. दोन्ही मजल्यांच्या सह्या झाल्याशिवाय दरवाजे उघडत नाहीत, आणि उघडण्याआधी धरणावरचा भोंगा तीनदा वाजतो. परवाही वाजला. मोठा आवाज आहे त्याचा, पाण्यावरून थेट पलीकडच्या डोंगरापर्यंत जातो. तिथे दारे नसलेली घरे आहेत. ऐकायला कोणी नाही.