माझी बायको लांबूतून जाईल

लॉईडने भर सभेत माझ्या बहिणीला विमानात बसवून टाकलं, तेव्हा ती माझ्या शेजारी बसून थर्मासचं झाकण लावत होती. तिला कुणी विचारलंही नव्हतं.

सभा शाळेच्या जिमखान्यात होती. राजधानीतून चौकशी समितीची माणसं आली होती आणि निम्मं गाव लोटलं होतं, कारण आमच्या गावात ज्याच्या घरातलं कुणी विमानाच्या कारखान्यात नाही असं घर शोधावं लागतं. कारखान्याने जुन्याच विमानाचं पोट लांबवून नवं प्रवासी विमान काढलं. कागदोपत्री त्याला काहीतरी आकडा होता, पण बांधणारे सगळे त्याला लांबू म्हणायचे. गेल्या हिवाळ्यात एक लांबू डोंगरावर कोसळला, दुसरा कसाबसा खाली उतरला. शेपटीतला एक भाग थंडीत अडकतो, असं चौकशीत निघालं. कंपनीने तो भाग बदलला आणि विमानं पुन्हा उडायला लागली. आता ती उडू द्यावीत की नाही, यावर वर्तमानपत्रं भांडत होती, रेडिओ भांडत होता, आणि चर्चमध्ये प्रार्थनेनंतरच्या कॉफीलासुद्धा दोन वेगळी टेबलं झाली होती.

त्या दिवशी एक करड्या कोटातली बाई बोलायला उभी राहिली. डोंगरावर पडलेल्या विमानात तिचा नवरा होता. ती रडली नाही, ओरडली नाही.

"तुम्ही चांगली माणसं दिसता," ती म्हणाली. "बाहेर मला कुणीतरी आपणहून कॉफी आणून दिली. मला फक्त एवढंच सांगा, त्यात तुमच्या घरचं माणूस बसवाल का?"

समितीची माणसं कागदांत बघायला लागली. तेव्हा लॉईड उठला. तो पंखांच्या विभागात मुकादम. शेपटीशी त्याचा काही संबंध नव्हता, पण विमान एकच असतं, असं तो म्हणायचा. त्याचे कान लालबुंद झाले होते.

"बसवेन," तो म्हणाला. "माझी बायको पुढच्या महिन्यात नातीच्या बाप्तिस्म्याला मिनियापोलिसला जाणार आहे. लांबूतूनच जाईल."

टाळ्या पडल्या. युनियनचा म्हातारा अर्ने तर पाय आपटत होता. करड्या कोटातली बाई मान हलवून खाली बसली. मला त्या टाळ्यांची लाज वाटली, अजूनही वाटते.

परत येताना गाडीत मी लॉईडला फैलावर घेतलं. "तुझी मुकादमी पणाला लावायची होतीस. माझी बहीण कशाला लावलीस?"

"मी बांधलंय ते, वर्ना."

"पंख बांधलेस. शेपटी कुणी बांधली?"

"गाडीत भांडू नका," माझी बहीण सिग्ने म्हणाली. "काचांवर वाफ धरते."

सिग्ने अशीच आहे. घरी गेल्यावर मी तिला स्वयंपाकघरात गाठलं आणि स्पष्ट विचारलं, भीती वाटते की नाही. ती बटाटे सोलत होती. "वाटते की," ती म्हणाली. "पण तो बोलून बसलाय. मी नाही म्हटलं तर उद्या कारखान्यात तोंड कसं दाखवेल तो? आणि बाळाला बघायचंच आहे मला." मला तिचा राग आला आणि तिला मिठी मारावीशीही वाटली. मी दुसरी सुरी घेतली आणि बटाटे सोलायला लागले.

दुसरी वाट नव्हतीच. आगगाडीचा प्रवास तिच्या कमरेला झेपणारा नव्हता. तिकडे सरळ जाणाऱ्या विमान कंपन्या दोनच, एकीकडे लांबू आणि दुसरीकडे परक्यांचं विमान. परक्यांचं म्हणजे समुद्रापलीकडच्या कारखान्याचं. त्यात आमच्या गावचं माणूस पाय ठेवत नाही. तिकीट काढताना आम्ही भाड्याच्या आधी "आपलंच आहे ना?" हे विचारतो, आणि नसलं तर दोन ठिकाणी बदलून, रात्रभर बाकावर झोपून जातो. पास्टरांचा पुतण्या एकदा परक्यांच्या विमानातून आला आणि गावभर बसने आलो म्हणून सांगत सुटला. बस त्या दिवशी बंद होती.

पुढे लॉईडचं काहीतरी बिनसलं. जेवताना मधेच थांबायचा. आकाशात आवाज झाला की अंगणात जाऊन मान वर करून उभा राहायचा, आणि विमान दिसेनासं झालं तरी आत यायचा नाही. सिग्नेला म्हणायचा, "तुला नको असेल तर सांग." ती म्हणायची, "तू म्हणालास ना, चांगलं आहे म्हणून?" यावर तो पुन्हा अंगणात जायचा. स्वतः बरोबर जावं म्हटलं तर सुट्टी मिळेना, नवे भाग बसवायला कारखाना सुट्टीच्या दिवशीही चालू होता. तिकीट त्यानेच आणलं आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. सिग्नेने मागितलं तर म्हणाला, हरवशील.

कुणालाही न सांगता तिला पोचवून यायचं, असा त्याचा बेत होता. पण पास्टरांनी रविवारी व्यासपीठावरूनच सिग्नेच्या प्रवासासाठी प्रार्थना सांगितली, कोणत्या वारी जाणार तेही सांगून. झालं. विमानतळावर पोचलो तर अर्ने कारखान्याच्या टोपीत उभा, मागे युनियनची मंडळी, बायकांच्या हातात वेलचीच्या पावांचे डबे. लांबूच्या दारापाशी रांग धरून उभे होते सगळे, वरातीला आल्यासारखे.

"या, वहिनी," अर्ने म्हणाला. "आज सगळ्यांची तोंडं बंद करू."

लॉईड जागच्या जागी थिजला. मग सिग्नेची बॅग उचलून उलट्या दिशेला चालायला लागला.

"अरे, इकडे," अर्ने म्हणाला. "लांबू इकडे आहे."

लॉईड थांबला, पण वळला नाही. सिग्नेने त्याच्या खिशात हात घालून तिकीट काढलं. चष्मा लावून वाचलं. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. ते परक्यांच्या विमानाचं होतं.

नवऱ्याला ओळखायला तिला वेळ लागत नाही. तिने तिकीट दुमडलं आणि अर्नेला म्हणाली, "मीच हट्ट धरला हो याच्याकडे. मी पहिल्यापासून भित्री. बिचाऱ्याला माझ्यापायी खाली मान घालावी लागतेय."

लोक तिच्याकडे बघायला लागले. अर्नेची बायको हसली, समजुतीने. एवढ्यावर ते निभावलं असतं. गावाने चार दिवस सिग्नेची चेष्टा केली असती आणि लॉईडची मान ताठ राहिली असती. मीही गप्प होते, कारण हे सिग्नेने ठरवलं होतं.

लॉईडने बॅग खाली ठेवली.

"खोटं बोलतेय ती," तो म्हणाला. "ती बसायला तयार होती. माझ्याच्याने बसवेना."

अर्नेची बायको हसायची थांबली.

"मी दोनदा लांबूचं तिकीट काढायला गेलो," तो म्हणाला. "दोन्ही वेळा खिडकीपाशी पोचलो आणि ती बाई डोळ्यांसमोर आली. करड्या कोटातली. मी तिला तोंडावर सांगितलं होतं, बसवेन म्हणून." तो अर्नेकडे वळला. "परवा परत समितीपुढे जातोय. तिला दिलेलं उत्तर बदलायचंय मला."

सिग्ने त्याच्याजवळ गेली आणि त्याची कॉलर नीट करायला लागली. ती नीटच होती. "बदल," ती म्हणाली. "आधी मला पोचव, मला उशीर होतोय."

मग आम्ही दुसऱ्या टोकाला चालत गेलो. बरोबर यावं की नाही, हे मागच्यांना कळेना. काही आले, काही तिथेच डबे धरून उभे राहिले. अर्ने आला, पण बराच मागून. सिग्ने आत गेली, वळून हात केला, आणि दाराआड दिसेनाशी झाली. लॉईड काचेपाशी उभा राहून परक्यांच्या विमानाकडे बघत होता. मी त्याच्या दंडाला धरलं. त्या महिनाभरात मी त्याला नाही नाही ते बोलले होते, आणि त्या क्षणी तो मला सख्ख्या भावाहून जवळचा वाटला.

अर्ने आमच्यापासून थोडा लांब उभा होता. टोपी काढून हातात घेतली होती. मला वाटलं, आता हा शिव्या देणार.

"लॉईड," तो हळूच म्हणाला. "माझी धाकटी गुरुवारी येतेय. लांबूने." त्याने टोपी हातात फिरवली. "तिकीट बदलून देतात का रे?"

"देतात," लॉईड म्हणाला. "चल, मी येतो तुझ्याबरोबर."